ठाण्यातला ठ आणि न दिसणाऱ्या जागा

‘ठ’ हे अक्षर यूटीएफ-८ (संगणकात अक्षरं आकड्यांनी साठवायची एक पद्धत) वापरणाऱ्या फाईलीत तीन आकड्यांनी साठवलं जातं: २२४, १६४, १६०. ‘नॉन-ब्रेकिंग स्पेस’, म्हणजे जिथे ओळ तुटू नये अशी जागा, दोन आकड्यांनी साठवली जाते: १९४, १६०. दोन्हींचा शेवटचा आकडा एकच. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात ही जागा हमखास येते. ती काढायला कोणी लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘टीआर’ ही वर्ण बदलणारी-गाळणारी कमांड वापरली, तर जागेबरोबर फाईलीतला प्रत्येक ठ सुद्धा मोडतो. ठाणे मोडतं, मराठी मोडतं, विठ्ठल एकाच शब्दात दोनदा मोडतो. ठ च्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उभं राहतं आणि पुढचा काना त्याला चिकटतो.

देवनागरीच्या सगळ्या वर्णांत १६० वर संपणारे वर्ण दोनच, ठ आणि दीर्घ ॠ. म्हणजे रोजच्या लिहिण्यातला एकटा ठ. आणि आम्ही राहतो ठाण्यात. आमच्या वसाहतीतल्या छोट्या वाचनालयाची सभासदयादी आणि पुस्तकयादी सध्या माझ्याकडे आहे. त्यातल्या जवळपास प्रत्येक पत्त्यात हे शहर येतं. कुठे ‘ठाणे (प.)’, कुठे ‘ठाणे(प)’, कुठे मध्ये दोन स्पेस देऊन ‘ठाणे  पश्चिम’, तर कुठे ‘ठाणे’ नंतर एंटर मारण्याआधी पडलेली एक स्पेस. ही शेवटची डोळ्यांना कधीच दिसत नाही, पण मोजणी करताना संगणक तिला वेगळं गाव धरतो. नौपाडा, चरई, उथळसर, कोलबाड, खारेगाव, विटावा, सगळ्या भागांची तीच तऱ्हा. एकेका भागाचे किती वाचक आहेत हे साधं काढायचं म्हटलं तरी एकच नाव चार-चार वेळा येतं.

यादी अनेक हातांनी झाली आहे. सुरुवातीची नोंदवही एका निवृत्त शिक्षिकेने टाइप केली. त्यांचा हात टाइपरायटरवर तयार झालेला, म्हणून पूर्णविरामानंतर नेमाने दोन स्पेस आणि रकाने जुळवायलाही स्पेसबारच. पुढे कोणी वर्डमधून मजकूर उतरवला, कोणी प्रकाशकांच्या वेबपानांवरून पुस्तकांची नावं उचलली, अलीकडची भर मोबाइलवरून व्हॉट्सॲपने आली. प्रत्येकाने आपापल्या परीने मन लावून काम केलं आहे, आणि प्रत्येकाची जागा सोडायची रीत त्या यादीत उतरली आहे. एक फाईल पाहून ती किती जणांनी आणि कोणत्या यंत्रावर लिहिली असेल याचा अंदाज नुसत्या रिकाम्या जागांवरून बांधता येतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

ऐरोलीच्या ऑफिसात मी हीच हत्यारं रोज वापरते. तिथला मजकूर इंग्रजी असतो, यंत्रांनी लिहिलेला. त्यातल्या ओळींच्या शेवटच्या स्पेस काढल्या, टॅबच्या स्पेस केल्या, चार रिकाम्या ओळींची एक केली, तर कोणाचं काही बिघडत नाही. संध्याकाळी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परतून तीच कमांड मराठी यादीवर चालवायची म्हटलं, की प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. मजकुराच्या सफाईची तयार मिळणारी बहुतेक सूत्रं मराठीचा विचार न करता लिहिलेली आहेत. ती वापरण्याआधी त्यांच्या आत काय चालतं हे मराठी माणसाने समजून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

टीआर ही कमांड वाईट नाही. एका वर्णाच्या जागी दुसरा ठेवणं, नको असलेला वर्ण गाळणं, लागोपाठ आलेले सारखे वर्ण दाबून एक करणं, एवढंच तिचं काम आणि ते ती अफाट वेगाने करते. पण ती युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स जिच्या वळणावर बेतलं त्या जुन्या प्रणालीत, आली तेव्हा एक वर्ण म्हणजे एक बाइट, म्हणजेच साठवलेला एक आकडा, हे गृहीत होतं. ॲस्की या इंग्रजी अक्षरांच्या जुन्या तक्त्यात एकूण १२८ घरं. त्यात टॅब ९ वर, ओळ संपल्याची खूण १० वर, स्पेस ३२ वर. लिनक्सवर सहसा असणारा जीएनयूचा टीआर आजही एकेक बाइटच पाहतो. त्याला ‘नॉन-ब्रेकिंग स्पेस गाळ’ असं सांगितलं, की त्याला त्याचा अर्थ लागतो तो असा: १९४ हा बाइट गाळ आणि १६० हा बाइटही गाळ, मग ते कुठेही असोत. मॅकवरचा टीआर मात्र पूर्ण वर्ण ओळखतो. त्यामुळे एकाच्या लॅपटॉपवर सुरळीत चाललेली ओळ दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठ मोडून ठेवते, आणि दोघांनाही कारण कळत नाही.

ठ तरी एकटा आहे. पुढचा हिशोब याहून गंभीर. ‘झिरो विड्थ स्पेस’ नावाची एक जागा असते, जिची रुंदी शून्य. शब्द दिसायला अखंडच राहतो, पण ओळ तिथे तोडता येते. तिचे बाइट २२६, १२८, १३९. यातला १२८ हा ‘ी’ चा शेवटचा बाइट आहे आणि १३९ हा ‘ो’ चा. म्हणजे ही जागा गाळायला टीआर लावला, तर मजकुरातल्या साऱ्या दीर्घ वेलांट्या आणि सारे काना-मात्रे मोडतात. तिचंच भावंड ‘झिरो विड्थ जॉइनर’, स्वतः न दिसता शेजारच्या अक्षरांना जोडणारी खूण. त्याचा शेवटचा बाइट १४१, आणि तोच हलन्ताचा, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याच्या खुणेचा. तो गाळला की एकही जोडाक्षर धड उरत नाही. हे आकडे मी कागदावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा कळलं, की ‘फाईल करप्ट झाली’ म्हणून टाकून दिलेल्या मराठी फाईलींपैकी काहींचं खरं दुखणं इतकं नेमकं असू शकतं. कोणत्या प्रकारची अक्षरं गेली आहेत ते पाहिलं, तर कोणती जागा काढायचा प्रयत्न झाला होता हेही सांगता येतं.

आणि तरीही यूटीएफ-८ बद्दल मला कृतज्ञता वाटते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकशास्त्रज्ञांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, टेबलावरच्या कागदी मॅटवर तिची मांडणी केली. शोधायला आपण जी ‘ग्रेप’ कमांड वापरतो तीही थॉम्पसन यांचीच. या मांडणीचा एक गुण मराठीच्या फार कामाचा आहे: १२८ च्या खालचा कोणताही बाइट दुसऱ्या मोठ्या वर्णाच्या पोटात कधीच येत नाही. म्हणून साधी स्पेस, टॅब, आणि विंडोजच्या फाईलींत प्रत्येक ओळीच्या टोकाला असणारा १३ क्रमांकाचा ‘कॅरेज रिटर्न’, ही तिन्ही टीआरने निर्धास्त हाताळता येतात. कॅरेज रिटर्न हा टेलिप्रिंटरच्या काळातला: छपाईचा गाडा डावीकडे आणायची ती खूण, आणि कागद एक ओळ वर सरकवायची वेगळी. विंडोजने दोन्ही ठेवल्या, युनिक्सने एकच.

आमच्या वाचनालयात संध्याकाळी बसणारे काका पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक होते. मी लॅपटॉप घेऊन तिथेच एका टेबलावर बसते. रिकाम्या जागेला संगणकात क्रमांक असतो हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटलं नाही.

“अगं, आमच्याकडे ती शिशाची असायची,” ते म्हणाले. “खिळ्यांच्या केसमध्ये तिचाही खण असे. पातळ, मध्यम, जाड. उंचीला खिळ्यापेक्षा कमी, म्हणून तिला शाई लागत नसे. पण कंपोझिटर ती उचलून बसवायचा तेव्हाच कागदावर जागा पडायची. विसरला तर शब्द चिकटले.”

“आणि तुम्हाला प्रुफात दिसलं तर?”

“दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारायच्या. जागा हवी. नको असेल तर वरून-खालून दोन कमानी काढायच्या. जागा मिटव.”

त्या दोन उभ्या, दोन आडव्या रेघा म्हणजे आज फोनवर हॅशटॅगला वापरतो तेच चिन्ह. काकांनी माझ्या छापील यादीवर ते लाल पेनने काढून दाखवलं. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दिसणारी खूण करायची ही सोय छापखान्याने केली होती. संगणकाच्या पडद्यावर ती आपण बहुधा बंदच ठेवतो, हे मला पटत नाही. वर्डमध्ये परिच्छेदाच्या उलट्या ‘पी’सारख्या चिन्हावर टिचकी मारली की प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका दिसतो, नॉन-ब्रेकिंग स्पेसच्या जागी बारीक वर्तुळ. मराठीत टाइप करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी आपला मजकूर तसा पाहावा.

छपाईच्या आधी तर जागा नव्हतीच. पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. ‘करूनका’ एवढंच लिहिलं असेल, तर ते ‘करू नका’ आहे की ‘करून का’ हे मागचा-पुढचा मजकूर सांगणार. आमच्या ठाण्यात वि. ल. भावे यांनी १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं; जुनी हस्तलिखितं जमवून त्यांच्यावरून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे हे गृहस्थ. अशी पोथी छापायला काढायची म्हणजे शब्दांच्या मध्ये जागा घालायच्या, आणि प्रत्येक जागा हा एक निर्णय. मी यादीतल्या जागा काढते किंवा घालते तेव्हा त्याच जातीचं काम करते आहे, असं मला वाटतं. म्हणून ते डोळे मिटून करवत नाही.

आता मुख्य गोष्ट.

मराठीत र चं एक अर्धं रूप आहे. दऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर, दुसऱ्या, शेतकऱ्यांना, या शब्दांत अक्षराच्या डाव्या अंगाला आडव्या पापणीसारखं ते दिसतं. रफार वेगळा, तो डोक्यावर चढतो. दोन्हींचा उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना बोलावलं तर शिकवणारे येतील, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक करणारे.

हा पापणीचा र संगणकात दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट अशी: खाली टिंब असलेला ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण, युनिकोडमधला (जगभरच्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला) क्रमांक २३५३, आणि त्याला हलन्त. दुसरी वाट: साधा र, क्रमांक २३५२, मग हलन्त, आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक ८२०५. पडद्यावर, कागदावर, दोन्ही हुबेहूब सारखे. कोणता कीबोर्ड वापरता त्यावर तुमच्या नकळत एक वाट निवडली जाते. आमच्या यादीत अर्थातच दोन्ही आहेत. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. ‘दऱ्या’ असं शोधलं तर निम्म्या नोंदी सापडतात, आणि निम्म्या राहिल्या आहेत असं कोणाच्या लक्षातही येत नाही.

इथवरचा त्रास फक्त शोधण्याचा. पण सफाईची जी तयार सूत्रं हातोहात फिरतात, त्यांत ‘सगळे न दिसणारे वर्ण काढून टाका’ असं एक हटकून असतं. ८२०३ (झिरो विड्थ स्पेस), ८२०४ (अक्षरं जोडू न देणारी खूण), ८२०५ (जॉइनर) आणि फाईलीच्या तोंडाशी येणारा ६५२७९, अशी चौघांची एकत्र गठडी. इंग्रजी मजकुरात यांचं सहसा काही काम नसतं. (तिथेही इमोजी आले की गोष्ट बदलते, आई-बाप-मुलांचा इमोजी याच ८२०५ ने जोडलेला असतो, तो काढला की माणसं सुटी होतात.) मराठीत मात्र ८२०५ हा कचरा नाही, तो लेखनाचा भाग आहे. ‘दऱ्याखोऱ्यांतली भटकंती’ अशी विषयाची नोंद आमच्या यादीत आहे, दुसऱ्या वाटेने टाइप केलेली. तिच्यातून ८२०५ काढला की ती होते ‘दर्याखोर्यांतली भटकंती’. त्यातलं ‘दर्या’ हे शुद्ध मराठी, त्यामुळे नुसत्या शब्दावरून चूक धरणाऱ्या तपासनिसाला त्यात वावगं काहीच दिसणार नाही.

‘शेतकर्यांना’, ‘कर्मचार्यांची’, ‘दुसर्या दिवशी’, असं इंटरनेटवर किती ठिकाणी वाचायला मिळतं, आठवून पाहा. वाचणारा चिडतो, लिहिणाऱ्याला साधं शुद्धलेखन येत नाही म्हणून हळहळतो. मलाही वर्षानुवर्षं हे वाचून वाईट वाटायचं. पण हे शब्द आपण हाताने लिहिताना अशी चूक जवळजवळ कोणीच करत नाही. वहीत ‘शेतकर्यांना’ लिहिणारा मुलगा मी पाहिलेला नाही. पुष्कळदा लिहिणाऱ्याने बरोबरच टाइप केलेलं असतं, आणि छापण्याच्या, साठवण्याच्या किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याच्या वाटेवर कुठल्यातरी सफाईने त्याचा ८२०५ गाळलेला असतो. दोष लेखकाच्या नावावर लागतो. हे थांबवण्यासारखं आहे, आणि थांबवायला फार काही लागत नाही. त्या सूत्रात एक ओळ आधी घालायची, बस.

ती ओळ ‘सेड’ची. ली मॅकमहन यांनी बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात सेड ही कमांड लिहिली. तो मजकूर ओळीओळीने वाचतो आणि सांगितलेला नमुना सापडला की तिथे सांगितलेला बदल करतो. टीआर आणि सेड यांच्यातला फरक मराठीसाठी मोलाचा आहे. टीआरला आपण वर्णांचा संच देतो. त्यातलं काहीही, कुठेही दिसलं की तो ते उचलतो. सेडला आपण क्रम देऊ शकतो. १९४ आणि लगेच १६०, असे दोन्ही याच क्रमाने आले तरच ती नॉन-ब्रेकिंग स्पेस. ठ मधल्या १६० च्या आधी १६४ आहे, म्हणून सेड त्याला हात लावत नाही. तसंच र, हलन्त आणि जॉइनर हे तिघे एकामागोमाग आले, तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेव, असं सेडला सांगता येतं. मग सगळा पापणीचा र एकाच वाटेचा होतो. दिसण्यात तसूभर फरक नाही, अर्थ शाबूत, आणि शोधलं की सगळं सापडतं. यानंतर उरलेले ८२०५ बघायचे.

उरतात ते बहुतेक ‘प्रश्‍न’, ‘ईश्‍वर’, ‘विश्‍वास’ अशा शब्दांत. काहींना अर्धा श पूर्ण ओळखू येईल असा उभा हवा असतो, जोडाक्षराचं जुनं वळण नको असतं, म्हणून ते मध्ये जॉइनर घालतात. तो काढला तर शब्द बदलत नाही, फक्त वळण बदलतं. वाचनालयाच्या यादीतून मी तो काढला, कारण तिथे शोध महत्त्वाचा. कोणाची कविता किंवा लेख असता तर काढला नसता. अक्षराचं वळण ही लिहिणाऱ्याची निवड आहे, ती यंत्राच्या सोयीसाठी पुसायचा अधिकार मला नाही.

आधी पाहायचं कसं, हा प्रश्न उरतो. इंग्रजी फाईलीत न दिसणारे वर्ण दाखवायला ‘कॅट’ कमांडचा एक पर्याय सगळे सुचवतात, ज्यात टॅब वेगळा दिसतो आणि ओळीच्या टोकाला डॉलरचं चिन्ह येतं. मराठी फाईलीवर तो चालवला तर ॲस्कीबाहेरच्या प्रत्येक बाइटची खूण निघते, आणि एका शब्दाच्या जागी ओळभर चिन्हांचं रान माजतं. त्यापेक्षा ग्रेपला वर्णाचा क्रमांक देऊन फक्त त्या ओळी बाहेर काढायच्या. ८२०३ कुठे कुठे आहे ते दाखव, आता ८२०५ दाखव, आता १६० (नॉन-ब्रेकिंग स्पेसचा युनिकोड क्रमांक) दाखव. प्रत्येकाच्या ओळी निदान वरवर तरी वाचायच्या. मी हे वाचताना वाचनालयातली बरीच जुनी पुस्तकं मला नव्याने भेटली, तो फायदा वेगळाच.

सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे आणि त्यामागचं कारण साधं आहे. आधी कॅरेज रिटर्न काढायचे, कारण ते ओळीच्या अगदी शेवटी बसलेले असतात. त्यांच्या अलीकडच्या स्पेस ‘ओळीच्या शेवटच्या स्पेस’ या नमुन्यात बसतच नाहीत. मग नॉन-ब्रेकिंग स्पेसची साधी स्पेस करायची. लिनक्सवर ‘कोणतीही रिकामी जागा’ असा जो तयार वर्ग सेडला देता येतो, त्यात ही धरलेली नसते, म्हणून तिचं नाव वेगळं घ्यावं लागतं. मग टॅब, मग एकापेक्षा जास्त स्पेसची एक, आणि सगळ्यात शेवटी ओळीच्या सुरुवातीच्या व टोकाच्या. निकाल नेहमी दुसऱ्या फाईलीत लिहायचा. निकालाचा बाण (>) त्याच फाईलीकडे वळवला तर कमांड वाचायला लागण्याआधीच शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, ती फाईल रिकामी करतो. आणि रकाने टॅबने पाडलेले असतील तर टॅबला अर्थातच हात लावायचा नाही.

शेवटी पडताळा. तो मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात शंकेला जागा राहत नाही. जुनी आणि नवी, दोन्ही फाईलींतून सगळ्या रिकाम्या जागा पूर्ण काढायच्या, अगदी ओळींसकट, म्हणजे नुसती अक्षरं सलग उरतात, पोथीसारखी. नॉन-ब्रेकिंग स्पेस तेवढी इथेही सेडनेच काढायची. मग त्या दोन्ही बाइट-बाइट ताडून पाहायच्या. फक्त जागाच बदलल्या असतील तर दोन्ही तंतोतंत सारख्या निघाल्या पाहिजेत. एक जरी ठ, एक जरी वेलांटी इकडची तिकडे झाली, तर लगेच कळतं. र चं रूप बदलण्याची पायरी या पडताळ्यानंतर, वेगळी करायची, आणि तिच्या बदललेल्या ओळी स्वतंत्र वाचायच्या.

यापलीकडे मात्र कमांडला जाऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. विरामचिन्हाच्या आधीची स्पेस काढणं ठीक, ‘आहे .’ आणि ‘का ?’ अशा जागा आपल्याकडे फार पडतात आणि त्या काढण्यात धोका नाही. पण ‘अपूर्णविरामानंतर एक स्पेस घाल’ हे साधं वाटणारं सूत्र मराठीत चालत नाही. अर्धे लोक विसर्गाच्या जागी तेच चिन्ह टाइप करतात. दु:ख, अंत:करण, नि:शब्द, हे सगळे मधोमध तुटतात. ‘पूर्णविरामानंतर स्पेस’ म्हटलं तर ३.५ चे दोन तुकडे होतात. कवितांच्या फाईलीत ओळीच्या सुरुवातीची जागा कवीने मोजून सोडलेली असते. आणि ‘घरा समोर’, ‘मुलां साठी’, ‘त्याच्या मुळे’ हे जोडायला हवेत हे खरं, पण ‘समोर’ च्या आधीची प्रत्येक स्पेस काढा असं सांगितलं तर ‘तो समोर उभा होता’ हेही चिकटेल. इथे वाचणारा माणूसच हवा.

तो आमच्याकडे आहे. अशा संशयाच्या ओळी मी ग्रेपने काढून छापते आणि काकांपुढे ठेवते. ते चष्मा पुसून लाल पेन घेतात आणि जिथे जागा मिटवायची तिथे दोन कमानी काढतात. काही ओळींपाशी थांबून मला वाचून दाखवतात. एकदा म्हणाले, “हे तोडून लिहिणं फोनमुळे वाढलं. फोन शब्द सुचवतो, तो आपोआप मागे जागा सोडतो, आणि मग ‘साठी’ वेगळं पडतं.” मी माझ्या फोनवर करून पाहिलं, तसंच होतं. छापखाना सोडून इतका काळ लोटला तरी त्यांची नजर चुकीमागच्या कारणापर्यंत जाते, याचं मला अपार कौतुक आहे.

बहुतेक यादी आता हाताखालून गेली आहे. आद्याक्षरांचा प्रश्न तेवढा राहिला आहे. लेखकांच्या नावांत दोन आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की टिंबाला टिंब लावून लिहायचं? काकांचं म्हणणं, जागा हवीच, छापखान्यात पातळ स्पेस घालत असत. कार्यकारिणीतल्या एका ताईंचं म्हणणं, जागा दिली की नाव ओळीच्या शेवटी तुटतं. त्या दोघांनाही मी नॉन-ब्रेकिंग स्पेस सुचवली आहे. जी यादीभर शोधून शोधून काढली तीच, पण इथे तिचं खरं काम आहे: दिसायला जागा, आणि तरी ओळ तुटत नाही. बैठकीत ठरेल तोवर मी यादीत एक जादा रकाना केला आहे, फक्त शोधासाठी. त्यात नावातली टिंबं आणि सगळ्या जागा काढून नुसती अक्षरं सलग ठेवली आहेत, म्हणजे कोणी कसंही टाइप केलं तरी पुस्तक सापडतं. तो रकाना तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पापणीच्या र ची ओळ सगळ्यात वर आहे, आणि तिच्यावर मराठीत लिहून ठेवलं आहे की ही ओळ हलवू नये आणि तिच्याआधी ८२०५ काढू नये.